चुन्याची रेघ

"रविवारच्या दिवशीच फुटायचं काय नडलं होतं मेल्यांना?" गजाननराव विनयाच्या कानाशी पुटपुटले.

मेले म्हणजे पेट्रोलची पिंपं. सांगानेरच्या रस्त्यावर ट्रकचं चाक खड्ड्यात गेलं, पिंपं गडगडली आणि त्यातली दोन फुटली. पेट्रोल उतारानं कापड रंगवणाऱ्या भंवरलालजी छीपांच्या आवारापाशी येऊन थबकलं. त्याच आवारात नवऱ्याबरोबर आलेली विनया पलंगपोस निवडत बसली होती. आता तिनं पदर नाकाला गच्च धरला होता, तरी डोळ्यांतून पाणी येत होतं. गजाननराव मात्र बागेत उभं असल्यासारखे उभे होते.

ते सरकारी तपासनीस. जयपुरात कुठंही पेट्रोल सांडलं की त्यांना बोलावणं यायचं. पेट्रोलची वाफ वर जात नाही, जमीन धरून सरपटते. कुठवर गेली ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून गजाननराव ओणवे होऊन, चार-चार पावलांवर जमीन हुंगत जायचे. वास संपला की तिथं चुन्याची रेघ. रेघेच्या आत विडी नाही, चूल नाही. रेघेबाहेर ज्याचं त्याचं काम चालू. अकरा वर्षांत रेघ एकदाही चुकली नव्हती. लोक त्यांना "नाकवाले साब" म्हणत, आणि ते ऐकून न ऐकल्यासारखं करत.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी एका टाकीत उतरून बेशुद्ध मजूर बाहेर ओढला होता. मजूर चार दिवसांत कामाला लागला. ह्यांचं काहीतरी बिनसलं, असं विनयाला वाटू लागलं. तिनं हळूच प्रयोग सुरू केले. दूध करपवलं, हे शेजारीच पेपर वाचत राहिले. फोडणीत हिंग घालायचं बंद केलं, तक्रार नाही. शेवटी तिनं केसांत कागदी गजरा माळला. "वा, मोगरा काय दरवळतोय!" गजाननराव म्हणाले. त्या दिवशी तिनं स्वयंपाकघरात जाऊन आधी हसून घेतलं, मग रडून.

मग रेघा बरोबर कशा येत होत्या? हे कोडं सोडवायला तिला आणखी सहा महिने लागले. ह्यांचा मदतनीस श्रीपाद दोन पावलं पुढं चालायचा. वास असेल तिथवर तो खोकायचा. खोकला थांबला की रेघ. कचेरीत सगळ्यांना तो खोकला ठाऊक होता. साहेबांनी त्याला कधी साधं औषधही सुचवलं नव्हतं. कुणी काही बोललं नाही. विनयाही बोलली नाही. नोकरीची तीन वर्षं उरली होती. आणि नाक काढून घेतलं तर ह्या माणसाकडं राहणार काय?

आज रविवार. श्रीपाद तिलक नगरात आपल्या घरी.

गजाननराव ओणवे झाले. हुंगलं. मान उचलून त्यांनी दोरीवर वाळणाऱ्या कापडांकडं पाहिलं. कापडं रस्त्याच्या दिशेनं फडफडत होती, म्हणजे वारा आवाराकडून रस्त्याकडं. ते आणखी दहा पावलं आले, पुन्हा हुंगलं आणि चुना टाकला. रेघेच्या पलीकडं वीस पावलांवर भट्टी ढणढणत होती. भट्टीवर तांब्याचा हंडा, हंड्यात लाल रंगात उकळणारं कापड.

"म्हणजे भट्टी राहू दे ना, साब?" भंवरलालजींनी विचारलं. "लग्नाचा माल आहे. आत्ता विझवली तर रंग कच्चा राहील, सगळे तागे वाया. वर्षाची कमाई आहे ही माझी."

"राहू दे," गजाननराव म्हणाले.

विनया आता मागं, भट्टीच्या अलीकडंच येऊन उभी होती. पायाखाली दगडी फरशी. त्या फरशीखालून रस्त्याकडची मोरी वाहते, हे तिला कसं ठाऊक असणार? पण फरशीच्या फटीतून वर आलेला वास तिनं ओळखला. वारा वरून वाहत होता; हा तर खालून आला होता.

ती खोकली.

गजाननराव जागच्या जागी थांबले. ती एक पाऊल भट्टीकडं सरकली आणि पुन्हा खोकली. श्रीपादसारखी. अगदी तशीच.

त्यांनी वळून तिच्याकडं पाहिलं. मग झपाझप भट्टीपलीकडं गेले आणि मूठभर चुना तिथं फेकला. "भट्टी बंद! पाणी नको, निखारे उडतील. ओली माती टाका!"

कामगारांनी ओल्या मातीची घमेली उचलली आणि मालकाकडं पाहिलं. भंवरलालजी आडवे आले.

"हे काय, साब? आत्ता तर वाकून हुंगलंत. राहू दे म्हणालात. बाईजी खोकल्या आणि वास आला? माझं वर्ष मातीत घालायचं, तर कुणाच्या नाकावर घालू? तुमच्या की ह्यांच्या?"

कुणीतरी फिदकन हसलं. विनयानं मान खाली घातली. ह्यांनी आता एक सरकारी दम भरला असता, तर चाललं असतं. अकरा वर्षांची रेघ होती पाठीशी. दम भरा हो, तिनं मनात म्हटलं.

गजाननरावांनी चुन्याचा हात धोतराला पुसला.

"हिच्या," ते म्हणाले, सगळ्या आवाराला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "मला दोन वर्षं झाली, कसलाच वास येत नाही. टाका माती."