दोन गाण्यांच्या मधलं

मिनेसोटातल्या बंद पडलेल्या, पोल्का नाचाची गाणी रेकॉर्ड करणाऱ्या स्टुडिओच्या जुन्या टेप मायलो संगणकावर उतरवून घेत होता. टेप जेमतेम एकदा वाजायची, मग तिच्यावरचा थरच गळून पडायचा. गाण्यांच्या मधलं बोलणं, खोकणं त्याने कापून टाकलं होतं.

लुडमिला आजी खसखशीचे कोलाचे, म्हणजे सारण भरलेले गोड पाव, डब्यात घेऊन आल्या.

"गाणी नकोत रे, रेकॉर्ड आहे घरी. रेकॉर्डिंगच्या दिवशी आम्ही नवरा-बायको भांडलो होतो. आमचा ओटो शेवटपर्यंत म्हणायचा, 'वाजवण्याआधी अख्ख्या बँडसमोर तुझी माफी मागितली, टेपवर आहे.' मी कधी विश्वास ठेवला नाही."

मायलोचा चेहरा उतरला. "मागितली होती, आजी. मी ऐकलंय."

"मग ऐकव ना."

"मी... ते कापून टाकलं."

आजी हसल्या. डबा त्याच्याकडे सरकवत म्हणाल्या, "खा. तुम्ही पुरुष एकमेकांना बरोबर सांभाळून घेता हो!"