डावीकडची कडी

खेळण्याएवढ्या रणगाड्यावर बसवायची, पितळी पत्र्यातून कापून काढलेली तिळाएवढी कडी दिगंबररावांच्या चिमट्यातून उडाली आणि त्या खोलीत चार दिवस केरसुणीला बंदी झाली. पितळ चुंबकालाही दाद देईना.

"एवढ्याशा कडीपायी घराचा उकिरडा झालाय," कुंदाताई कुरकुरल्या.

पण आज सुभेदार गव्हाणे येणार होते. टेबलावरचा वीतभर रणगाडा म्हणजे त्यांनी युद्धात चालवलेल्या गाडीची हुबेहूब प्रतिकृती. निदान कडी उडेपर्यंत दिगंबररावांना तसं वाटत होतं.

सुभेदारांनी भिंग लावून इंच न् इंच पाहिला आणि ते डाव्या बाजूशी थबकले. "इथं कडी नाही."

दिगंबरराव सबब सांगायला पुढे सरकले.

"हे तुम्हाला सांगितलं कुणी?" सुभेदारांनी भिंग खाली ठेवलं. "चहाची किटली टांगून टांगून आम्ही ती पहिल्याच आठवड्यात तोडली होती. साहेबांनाही पत्ता लागू दिला नव्हता."

तेवढ्यात कुंदाताई दिगंबररावांच्या कानाशी पुटपुटल्या, "अहो, सापडली. तुमच्या मोज्याला चिकटली होती."

दिगंबररावांनी कडी गुपचूप खिशात टाकली.

"अगं, चहा टाक," ते म्हणाले. "आणि किटलीतूनच आण."