तीन दिवसांची खाज

"पुरळ नेमकं कुठे उठलं होतं?" डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्यांदा विचारलं.

"अंगभर," ताई म्हणाली. पहिल्यांदाही ती हेच म्हणाली होती.

पलंगावर तिचा धाकटा भाऊ तापाने निपचित पडला होता. आजचा नववा दिवस. हृदयाच्या झडपेवर जंतूंनी ठाण मांडलं होतं आणि चालू औषधाला ते दाद देत नव्हते. दाद देतील असं औषध होतं, पेनिसिलिन. पण फाईलला टाचलेल्या कार्डावर लाल शाईत लिहिलं होतं, 'पेनिसिलिनची ॲलर्जी. चुकूनही देऊ नये.' 'चुकूनही'खाली दोन रेघा होत्या.

कार्ड ताईच्याच हातचं. ती जन्मभर ग्रंथपाल होती. लेबल लावल्याशिवाय तिला चैन पडत नसे आणि भाऊही त्यातून सुटला नव्हता. एक कार्ड त्याच्या पाकिटात, एक त्याच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात, एक फ्रीजवर. त्याचा घसा जरा धरला की औषधवाल्यापुढे ही त्याच्याआधी हजर. त्याच्या लग्नात नवरीच्या कानात तिने पहिली गोष्ट सांगितली ती हीच. बिचारीला वाटलं, काहीतरी नाजूक गुपित आहे.

"तोंड सुजलं होतं? श्वास लागला होता? हातापायांवर काही?"

"नाही," ताई हळूच म्हणाली. "मान, पाठ, छाती."

"म्हणजे शर्टाच्या आत तेवढंच?"

ताईने चष्मा काढला आणि उगाचच पुसत राहिली. भाऊ डोळे मिटून पडला होता. छप्पन्न वर्षं जे वाक्य तिच्या घशाशी येऊन परत जात होतं, ते आज बाहेर पडलं.

"शर्टात मी खाजकुयली टाकली होती."

तेव्हा ती दहा वर्षांची होती, तो सहा. घसा सुजला म्हणून त्याला रोज एक इंजेक्शन चालू होतं आणि घरातले झाडून सगळे लाड त्याच्या वाट्याला जात होते. त्यातच या शहाण्याने तिच्या चित्रकलेच्या वहीच्या होड्या केल्या. शाळेमागच्या कुंपणावर खाजकुयलीचा वेल होता. तिने कागदात धरून शेंग आणली आणि तिच्यावरची कुसं त्याच्या शर्टाच्या आत चोळली. इंजेक्शन घेऊन आल्यावर त्याने तोच शर्ट चढवला आणि पाच मिनिटांत घरभर नाचायला लागला. आई घाबरली. डॉक्टर धावत आले. पाठ बघून म्हणाले, इंजेक्शन बाधलं, आता पुन्हा कधीच नको. ताईची पाचावर धारण बसली. तिने तोंड मिटलं ते मिटलंच.

"आणि इतकी वर्षं?" डॉक्टरीणबाईंच्या आवाजात राग नव्हता.

"मार चुकवायला गप्प बसले, ते खरं. पण खाजकुयलीची खाज संध्याकाळपर्यंत थांबते हो. याची तीन दिवस थांबेना. शर्ट बदलला, दोनदा अंघोळ घातली, तरी हा आपला खाजवतोय. मग मलाच वाटायला लागलं, खरंच इंजेक्शन बाधलं असेल. खात्री करायला त्याच्या जिवाशी कोण खेळणार?"

"न खेळता करता येते खात्री," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "लहानपणीच्या अशा नोंदी कितीदा तरी चुकीच्या निघतात. खरी असली, तरी ॲलर्जी वर्षांमागून ओसरूनही जाते. आधी तपासू, मगच देऊ."

त्यांनी त्याच्या हातावर थेंबभर औषध टोचलं. वीस मिनिटांनी बघितलं. मग अगदी थोडी मात्रा दिली. उलटं काही झालंच तर लागणारं इंजेक्शन भरून शेजारी ठेवलं होतं आणि नर्स पलंगापासून हलली नव्हती. ताई भावाचा हात उजेडात धरून बसली. एकदा मनगटाजवळ ठिपका दिसला तेव्हा तिने नर्सची बाही ओढली. तो जुनाच तीळ होता. तासभर गेला. काहीच झालं नाही. इतकं सुंदर 'काहीच नाही' तिने आयुष्यात पाहिलं नव्हतं.

पूर्ण औषध सुरू झालं. चौथ्या दिवशी सकाळी भावाने डोळे उघडले, भिंतीकडे बघितलं आणि म्हणाला, "हे घड्याळ दोन मिनिटं मागे आहे."

ताईचा जीव भांड्यात पडला. त्या सुटकेच्या भरातच तिने त्याला सगळं सांगून टाकलं: होड्या, वेल, शर्ट, सगळं. "माझ्या खोडीपायी तुझा जीव जात होता," ती म्हणाली आणि रडायला लागली.

तो रागावला नाही. उलट ऐकता ऐकता त्याचाच चेहरा उतरत गेला. दप्तर तपासायला घेतलेल्या पोरासारखा तो छताकडे बघत राहिला.

"ताई," तो शेवटी म्हणाला, "अजून सहा इंजेक्शनं बाकी होती. खाज तर पहिल्या संध्याकाळीच थांबली. पुढचे दोन दिवस मी नुसताच खाजवत होतो."