रिकामी जाळी

रोज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आत येतं आणि वेताच्या खुर्चीत चहा पीत बसलेल्या आईची सावली समोरच्या भिंतीवर पडते. ऊन दिवसाला किती सरकतं ते मोजायचं, म्हणून महिनाभर मी रोज त्याच वेळी फोटो काढतेय. आई आणि सावली, दोघी एकाच चौकटीत.

"आईचा एक धड फोटो नाही, भिंतीचे मात्र तीस!" आईचा टोमणाही रोजचाच.

गेल्या सोमवारच्या फोटोत आईच्या ओठांना कप होता. सावलीने तो खाली ठेवला होता. मंगळवारी आई चष्मा पुसत होती, तेव्हा सावलीने तो पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला होता. मी कॅमेरा बदलला, भिंग बदललं. सावली पुढेच राहिली, आणि रोज थोडी आणखी पुढे.

आज भिंतीवर वेताची जाळी फार सुंदर उमटलीय. प्रत्येक भोकातून उन्हाचा एक ठिपका पडलाय आणि सगळे ठिपके हळूहळू थरथरतायत. मी कितीतरी वेळ बघतच राहिले. मग लक्षात आलं, एवढी जाळी दिसायला खुर्ची रिकामी असावी लागते.

आई खुर्चीतच आहे. शेजारच्या काकूंची नक्कल करून स्वतःच हसतेय.

"झालं का गं? पाय अवघडले माझे. उठू का?"

"नको, आई," मी म्हटलं. "ऊन जाईपर्यंत उठू नकोस."