स्वयंपाकीण सुटते का?

मावशींना ऑपरेशनला न्यायला स्ट्रेचर आलं, तरी अर्ध्यावर आलेली रहस्यकादंबरी काही त्यांच्या हातातून सुटेना.

"बाई, खुनी कोण ते जाऊ दे खड्ड्यात. ती स्वयंपाकीण आरोपातून सुटते का, एवढंच सांगा. तिच्यात माझा जीव अडकलाय."

शेजारच्या खाटेवर प्लास्टरमधला पाय टांगून पडलेल्या मास्तरीणबाईंनी कादंबरीची तीच प्रत आधी वाचली होती. त्या म्हणाल्या, "रहस्यकथा खुन्यासाठी वाचतात मावशी, स्वयंपाकिणीसाठी नव्हे."

"खुनी काय, प्रत्येक पुस्तकात सापडतो. अशी बाई कुठे सापडते? सांगा ना! मी परत आलेच नाही तर?"

"म्हणूनच सांगणार नाही. जीव अडकलाय ना? अडकू द्या तसाच. परत या, मग सांगते."

"भारी दुष्ट हो तुम्ही!" मावशी चडफडल्या आणि त्याच तावात ऑपरेशनला गेल्या.

वॉर्डाचं दार बंद होताच मास्तरीणबाईंनी नर्सकडून पेन आणि कोरे कागद मागून घेतले. पुस्तकाची शेवटची बारा पानं कुणीतरी कधीच फाडून नेली होती, आणि मावशी शुद्धीवर यायच्या आत त्या स्वयंपाकिणीला निर्दोष सोडवायचं होतं.