शेवटची उलटी ओळ

"यंदाही येईल आणि चोरासारखी निघून जाईल," आउस्ट्रा वाळूवर दंताळं ओढत म्हणाली. "आईच्या हातची कॉफी म्हणजे विष वाटतं तिला."

शेजारच्या कबरीवर फुलझाडं लावणाऱ्या हेर्टाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. कबरींच्या सणाच्या आदल्या दिवशी हे गाऱ्हाणं ठरलेलंच असायचं. तिचे कान किटले होते.

सण उद्यावर आला होता. पाद्री येणार, पितळी वाद्यांचा बँड वाजणार, रीगा शहरात आणि परदेशी गेलेले सगळे येणार, आणि प्रार्थना राहिली बाजूला, आधी एकमेकांच्या कबरी बघणार. वाळू कुणी नीट ओढली, कुणाच्या वाळूत पाऊल उमटलंय. म्हणून तर इथल्या बायका मागे मागे सरकत दंताळं ओढतात आणि स्वतःचं शेवटचं पाऊलही पुसून बाहेर पडतात. पाऊल राहिलं की वर्षभर बोलणी खायची.

आउस्ट्रा नवऱ्याच्या, म्हणजे एवाल्डच्या कबरीभोवती सरळ रेघा ओढायची. सणाच्या सकाळी मात्र तिथे माशाच्या काट्याची नक्षी असायची आणि तिची शेवटची ओळ उलटी. त्यांची मुलगी दग्मारा लहानपणापासून घरच्या कबरींवर अशीच शेवटची ओळ उलटी ओढायची आणि बाप हसत बसायचा. कापडगिरणी बंद पडली तेव्हा अर्धं गाव आयर्लंडला गेलं. मायलेकींचं कडाक्याचं भांडण होऊन दग्माराही गेली. बापाला मूठमाती द्यायलासुद्धा आली नाही. पण पुढच्याच सणाला नक्षी उमटली आणि मग दरवर्षी उमटत राहिली.

"बापाला नक्षी आणि आईला ठेंगा," आउस्ट्रा म्हणाली.

"मग फोन कर की तिला."

"मी का म्हणून करू? चूक तिची."

"मग निदान माझं डोकं तरी खाऊ नकोस."

तेवढ्यात चर्चमध्ये गाणारी विझ्मा पाण्याची झारी घेऊन आली. गावात काहीही घडायच्या आधी ते विझ्माला कळलेलं असे.

"काय गं आउस्ट्रा, तुझी दग्मारा येते म्हणतेस ती कोणत्या वाटेने? माझा भाचा तिच्याच गल्लीत राहतो तिकडे. तो म्हणतो, गेल्यापासून ती तिथून हललेली नाही."

"तुझ्या भाच्याला विचारून निघायला हवं का तिने?"

"तसं नाही गं. पण आजवर एकाने तरी पाहिलंय का तिला? उद्या सगळेच जमतील, तेव्हा विचारते."

विझ्मा गेली. आउस्ट्राचे कान लाल झाले होते. ओढून झालेल्या रेघा ती पुन्हा ओढू लागली. उद्या भर सणात हसं होणार, हे तिला कळत होतं आणि हेर्टालाही कळत होतं.

हेर्टाला सगळ्यांचाच संताप आला. विझ्माचा, आउस्ट्राचा आणि त्या पोरीचा तर सर्वांत जास्त. मनात म्हणाली, यंदा धरतेच कार्टीला. कानाला धरून आईच्या स्वयंपाकघरात नेऊन बसवते, म्हणजे मी एकदाची सुटेन.

पहाटे, दव पडत असताना, ती घडीचं स्टूल घेऊन झुडपांच्या कुंपणाआड जाऊन बसली. डास चावत होते. या वयात हे काय धंदे, असं स्वतःलाच म्हणत ती शिव्यांची उजळणी करत राहिली.

बर्चच्या झाडांकडून बाई आली. रुमाल कपाळावर ओढलेला, अंगात घोट्यापर्यंत आलेला रेनकोट. हेर्टाकडे पाठ करून ती मागे मागे सरकत दंताळं ओढू लागली. काटा उमटत गेला. शेवटच्या ओळीशी ती थांबली आणि ती ओळ तिने उलटी ओढली. मग वाकून एवाल्डच्या दगडावर हात ठेवला आणि बराच वेळ तशीच राहिली. जाताना ती हेर्टाच्या अगदी समोरून गेली.

हेर्टा उठली नाही. तोंडाशी आलेल्या शिव्या तिने गिळून टाकल्या. इतकी वर्षं हे असं एकटीने, चोरून. तिला भरून आलं आणि त्याचाही राग आला.

प्रार्थना संपली तशी बायका फाटकापाशी थर्मास आणि पाव घेऊन बसल्या. आउस्ट्रा लंगडत आली. सणाच्या दिवशी तिचा गुडघा हमखास धरायचा, आणि मग त्याचंही गाऱ्हाणं असायचं.

"बघितलीस ना नक्षी?" ती विझ्माला म्हणाली. "आली आणि गेली. आईची आठवण नाही."

"नक्षी पाहिली," विझ्मा म्हणाली. सगळ्याजणी ऐकत होत्या. "पण नक्षी काय, कुणीही ओढेल. माणूस कुणी पाहिलं?"

आउस्ट्राच्या हातातला पाव तसाच राहिला.

"मी पाहिलं," हेर्टा म्हणाली.

"दग्माराला?"

"मग काय पाद्रीला? पहाटे इथेच होते मी. बापाच्या दगडावर हात ठेवून उभी होती बिचारी. विमान चुकेल म्हणून मी हाक मारली नाही."

"कशी दिसते आता?"

"आईसारखी. हुबेहूब."

विझ्माने पावाचा मोठा घास घेतला. दुसऱ्या बायका दग्माराच्या लहानपणाच्या गोष्टी काढू लागल्या. आउस्ट्रा मात्र त्यानंतर एक अक्षर बोलली नाही. एरवी हेर्टाला बरं वाटलं असतं.

घरी जाताना टेकडीच्या चढावर आउस्ट्रा थांबली. हेर्टाने वैतागून तिच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि आपला दंड पुढे केला.

"घरी गेल्यावर आधी पोरीला फोन कर," ती म्हणाली. "आणि पुढच्या वर्षी ती उलटी ओळ मला ओढू दे. आज पहाटे त्या गुडघ्यावर तुला वाकताना माझ्याच्याने बघवलं नाही."