मुदतवाढ

देगलूरच्या ग्रंथालयात शकुंतला कोटगिरे आपली आठवण परत न्यायला आल्या, तेव्हा ती कणकवलीला गेलेली होती.

चार वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा वारला. दुःख सोसवेना, म्हणून त्यांनी त्याच्या साऱ्या आठवणी डोक्यातून काढून घेऊन ग्रंथालयात जमा केल्या. आठवण एका वेळी एकाच डोक्यात राहते. पण गावोगावची ग्रंथालयं आता एकमेकांशी जोडलेली होती आणि कुठलाही वाचक ती पंधरा दिवसांसाठी मागवू शकत होता. उद्या मुलाचं श्राद्ध होतं. "या वर्षी तरी माझ्यासोबत रड," असं नवरा सकाळी म्हणाला होता.

ग्रंथपाल मठपती मॅडमनी कणकवलीच्या वाचक बाईंना फोन लावून दिला.

"ताई, मला मूलबाळ नाही," पलीकडून आवाज आला. "शाळेतून आला की तो दारातच दप्तर टाकून मला हाक मारतो. अजून पंधरा दिवस त्याला माझ्याकडे राहू द्याल का?"

काही वाटतंय का ते शकुंतलाबाईंनी पाहिलं. काहीच वाटलं नाही.

"राहू द्या," त्या म्हणाल्या.

मॅडमनी मुदतवाढीचा अर्ज पुढे केला. शकुंतलाबाईंनी सही केली, तारीख घातली आणि एका रकान्यापाशी पेन थांबवलं.

"मॅडम, त्याचं नाव काय होतं?" त्यांनी हळूच विचारलं. "घरी ह्यांना विचारायला नको वाटतं."